पोहायच्या टाकीचा वैद्य

सुधाकरने आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शहाळी उतरवणं. आमच्या मागच्या परड्यात एक ठेंगणा माड आहे. शिडी लावली की पेंडीपर्यंत, म्हणजे शहाळ्यांच्या घडापर्यंत, हात जातो. तो शिडीवर होता आणि मी खाली दोर धरून. शहाळी वरून टाकली तर फुटतात, म्हणून पेंड दोराला बांधून हळू सोडायची. माझी बायको मंदा, म्हणजे त्याची थोरली बहीण, मागच्या दारात खुर्चीवर बसून बघत होती. सुजलेले पाय तिने पाटावर ठेवले होते.

"भावजी, ढील द्या," तो वरून म्हणाला.

"देतो. तू हलू नको. पडलास तर तुझी बाय मला जेवायला घालायची न्हाय."

"तसं पन आता कुठं घालते," मंदा म्हणाली आणि हसली. ते हसणं मला अजून दिसतं.

पेंड खाली आली. सुधाकरने शहाळी सोडवली, बुंध्याशी सावलीत नीट रचून ठेवली, हात झटकले. "बाय, सकाळी येतो फोडून द्यायला. तवर चहा घेऊ नको. चहा म्हंजे नुस्तं ऍसिड." एवढं बोलून स्कूटरला लाथ मारून गेला.

त्या शहाळ्यांना अलिबागच्या डॉक्टरणीची सक्त मनाई होती. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं आणि मंदालाही माहीत होतं. तरी मी दोर धरला, कारण वर्षभर भांडून माझा घसा बसला होता. मी शहाळी लपवली की तो दुसऱ्याच्या वाडीतून आणायचा, आणि वर मंदा माझ्याशी बोलणं टाकायची. घरात दोनच माणसं असली आणि त्यातलं एक बोलेनासं झालं की काय होतं, ते ज्याला कळतं त्याला कळतं.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म होडीवर नाखवा म्हणून गेला. लिहायची सवय नाही. पण मंदा गेल्यापासून काही तरी लिहावं असं वाटतं. तिचं लिहायला बसलो की हात थांबतो. तिच्या भावाचं लिहायला बसलो की हात थांबत नाही. म्हणून त्याचंच लिहितो. चांगलं लिहिणार नाही. चांगलं ऐकायचं असेल तर गावात कुणालाही विचारा, सगळे सांगतील.

सुधाकर म्हणजे मंदाचा धाकटा भाऊ. त्यांचं गाव आत, भातशेतीवालं. आई लवकर गेली आणि मंदाने त्याला कडेवर वाढवला. लग्न होऊन ती आमच्या समुद्राकडे आली तेव्हा एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात हा. मी दोघांना घरात घेतलं. पुढे आम्हाला मूल झालं नाही. जो काय मुलगा होता तो सुधाच. मंदा ताटात पहिली तुकडी त्याला वाढायची, मग मला. पापलेटाचं पोट त्याला, शेपूट मला. ह्या गोष्टीचा मला तेव्हा राग नव्हता. आता आहे.

मी त्याला होडीवर नेऊन बघितला. तो किनाऱ्यापासून जरा आत गेला की ओकायचा. पोहता त्याला कधीच आलं नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की चेहरा पांढरा पडायचा. आणि असल्या माणसाला शेवटी काम मिळालं ते कुठलं, तर किहीमच्या बाजूला मुंबईवाल्यांचा एक बंगला आहे तिथली पोहायची टाकी सांभाळायचं. मी टाकी म्हटलं की तो दुरुस्त करायचा. "टाकी न्हाय भावजी, स्विमिंग पूल." मी म्हणायचो, चार भिंती आणि पाणी, म्हणजे टाकीच.

पण काम तो मन लावून करायचा, एवढं कबूल करतो. सकाळी ऊन वर यायच्या आत तिथे हजर. इस्त्रीची पँट घोट्यापर्यंत दुमडलेली, शर्टाच्या खिशात एक काचेची नळी आणि औषधाची लहान बाटली. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि नळी सूर्यासमोर धरून एक डोळा मिटून बघायचं. पाणी पिवळं झालं तर ऍसिड जास्त, मग सोडा टाकायचा. जांभळट झालं तर अल्कली जास्त, मग दुसरं औषध. मधला लालसर रंग आला की तो मान डोलवायचा, जशी काय टाकी परीक्षा पास झाली. वर बोट बुडवून जिभेला लावायचा. कशाला, विचारलं तर म्हणायचा, "खात्री."

"रंग खोटं बोलत न्हाय," हे त्याचं वाक्य. माणसं खोटं बोलतात, डॉक्टर बोलतात, टीव्ही बोलतो, पण रंग बोलत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की रंग हा कोणी त्याचा सज्जन नातेवाईक असावा असं वाटायला लागलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बिघडलं ते बंगल्याच्या मॅडममुळे. त्या मॅडम मुंबईहून येताना पाण्याचं एक मशीन घेऊन आल्या. त्यातनं येणारं पाणी म्हणे अल्कलाइन. त्यांनी सुधाकरला सांगितलं की माणसाच्या शरीरात पण असंच ऍसिड वाढतं आणि सगळे रोग त्यातनं होतात. शरीर अल्कलाइन ठेवलं की रोग टिकत नाही. दुसरा कोणी असता तर त्याने हो म्हणून सोडून दिलं असतं. पण ह्याच्या डोक्यात दिवा पेटला. कारण हे तर त्याचंच काम. टाकीत ऍसिड वाढलं की फरशीच्या सांध्यातलं सिमेंट खातं, लोखंडी शिडी गंजते, हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं. मग माणसात ऍसिड वाढलं तर हाडं खाणार, सांधे गंजणार. टाकीत सोडा टाकतात, तसा माणसात भाजीपाला टाकायचा. त्याला सगळं जग एकदम समजलं. मॅडमनी त्याला कागदी पट्ट्यांची एक डबी दिली. पट्टी भिजवली की रंग बदलतो. पिवळी म्हणजे ऍसिड, हिरवी म्हणजे बरं, निळी म्हणजे एकदम उत्तम. त्या दिवसापासून आमच्या गावाला एक वैद्य मिळाला, जो वीस फुटी टाकीवर शिकला होता.

गावात त्याने पहिलं भाषण केलं ते एका हळदीत. आमच्याकडची हळद म्हणजे काय ते सांगायला नको. मांडवात मटणाचं भगोणं, बाजूला तळणीवर मांदेली, पोरं बेंजोवर नाचतायत. त्यात हा पँट दुमडून उभा, हातात डबी.

"मटण ऍसिड. मावरं ऍसिड. भात ऍसिड. आनि सुकट तर ऍसिडची आई."

आमच्या शेजारची गोमा आत्या पुढेच बसली होती. सत्तरी ओलांडलेली बाई, अजून टोपली घेऊन बाजारात बसते. ती म्हणाली, "मंग आमी खावाचं काय रं?"

"काकडी. पालक. केळं. शहाळं. खजूर. लिंबू."

"लिंबू तं आंबट."

"भायेर आंबट, आत्या. आत गेलं का अल्कलाइन होतं."

"तुझा बाप पन तसाच व्हता," आत्या म्हणाली. "भायेर येक आनि घरात येक."

सगळा मांडव हसला. सुधाकर हसला नाही. त्याने डबीतली एक पट्टी काढली आणि सरळ आत्याच्या ताटातल्या मटणाच्या रश्श्यात बुडवली. पट्टी लालभडक झाली. ती त्याने सगळ्यांना फिरवून दाखवली.

"बघा. रंग खोटं बोलत न्हाय."

"अरं येड्या, रस्सा लालच हाय," मी म्हणालो. "माझं धोतर बुडव त्यात, ते पन लाल होईल."

लोक पुन्हा हसले. पण मी बघत होतो. जेवणं झाल्यावर दोघी-तिघी बायका हळूच त्याच्याकडे गेल्या. कुणाचे गुडघे दुखत होते, कुणाची छाती जळत होती. तो पायरीवर बसून एकेकीचं नीट ऐकत होता. मधे बोलत नव्हता, घाई करत नव्हता. सरकारी दवाखान्यात असं कोण ऐकतं? मला वाटतं लोकांनी त्याच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवलाच नाही. त्याच्या ऐकण्यावर ठेवला. आणि ते जास्त वाईट झालं.

तो लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसाला दारातनं हाकलता येतं. ह्याने कुणाकडून कधी काही घेतलं नाही. जे सांगायचा ते स्वतः खायचा. काकडी, मोड आलेले मूग, बिनमिठाचा पालक. सुकून काडी झाला होता, तरी टुणटुणीत. त्याच्या बायकोने मुलाकडे पनवेलला मुक्काम हलवला, तो बहुतेक त्या पालकाला कंटाळूनच. तिला त्याने अडवलं नाही. म्हणाला, "तिच्यातलं ऍसिड बोलतंय."

कुणाच्याही बोलण्याला त्याच्याकडे हेच उत्तर. तुम्ही चिडलात तर ऍसिड. तुम्हाला झोप नाही, ऍसिड. मी त्याला शिव्या दिल्या की तो माझ्याकडे दयेने बघायचा. त्या बघण्याची मला जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात वादळाची आली नाही.

आमच्यात एक रीत आहे. होडी किनाऱ्याला लागली की शेजारच्या, नात्यातल्या घरांना कालवणापुरतं मावरं द्यायचं. माझी होडी विकल्यावर सुद्धा जुने खलाशी माझ्या दारात मूठभर काही तरी टाकून जातात, आणि त्यातलं थोडं मंदा भावाकडे पाठवायची. एकदा तिने ताजे बोंबील पाठवले. त्याने ते परत आणले, ताट झाकून, आणि ओट्यावर ठेवले.

"बाय, हे माझ्यानं घेववत न्हाय आता."

मंदा ताट आत घेऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने पण मासे खायचे सोडले. कोळ्याच्या घरात राहून, मासे सुकवून जिचे हात खारे झाले ती बाई काकडी चिरायला बसली. मी म्हटलं, "मंदे, तू का?" ती म्हणाली, "तो येकटा पडतो." बस, एवढंच कारण. रोग तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी पण नव्हता.

रोग नंतर कळला. तिला दम लागायला लागला, तोंड सकाळी सुजलेलं असायचं. अलिबागला नेलं. डॉक्टरीण तरुण होती, आमच्या मुलीसारखी, मूल असतं तर तेवढी असती. तिने रक्त तपासलं आणि सांगितलं की दोन्ही किडन्या बऱ्याच कामातनं गेल्यात. गोळ्या दिल्या. मीठ कमी, आणि मग एकेक सांगत गेली. केळं नको, खजूर नको, पालेभाजी उकळून पाणी फेकून मगच, आणि शहाळं तर अजिबात नको. मी विचारलं, शहाळं तर आजाऱ्याला देतात. ती म्हणाली, "चांगल्या किडनीच्या माणसाला द्या. शहाळ्यात एक क्षार असतो, पोटॅशियम. किडनी चांगली असली की जास्तीचा बाहेर टाकते. ह्यांची टाकत नाही. तो रक्तात साठला तर हृदय बंद पडू शकतं, काका. आधी कळत पण नाही."

 तिने नको म्हणून सांगितलेलं सगळं एका माणसाच्या तोंडून मी रोज ऐकत होतो, खा म्हणून.

घरी आल्यावर सुधाकर ओट्यावर बसलेला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, त्याची ती ऐकायची सवय, आणि मग म्हणाला, "किडनी गेली म्हंजे गाळणी गंजली. गंजली कशानं? ऍसिडनं. आनि त्या बाई ऍसिड घालवायचं सगळं बंद करायला सांगतायत. भावजी, असं कसं?"

"ती डॉक्टर हाय रं."

"हाय ना. पन रंग बघितला का तिनं?"

मग एक दिवस मी एक काम केलं. त्याला हाताला धरून डॉक्टरणीसमोर नेऊन बसवला. म्हटलं, सांगा ह्याला. तो न घाबरता बोलला. टाकीचं सांगितलं, सोड्याचं सांगितलं, खिशातनं पट्टी काढून टेबलावर ठेवली. हिरवी होती. मंदाच्या लघवीची. "आधी पिवळी यायची, आता हिरवी येते. म्हंजे शरीर सुधारतंय."

डॉक्टरीण रागावली नाही. म्हणाली, "काका, खाण्यानं लघवीचा रंग बदलतो, ते बरोबर. रक्ताचं तसं होत नाही. रक्तातलं ऍसिड-अल्कली शरीर स्वतः सांभाळतं, श्वासातून आणि किडनीतून. तुम्ही काकडी खा नाही तर मटण खा, ते आपल्या जागेवर ठेवतं. आणि ज्या किडनीनं हे सांभाळायचं तीच ह्यांची दुखावली आहे. त्याला औषध आहे, ते मी देतेय. ते मोजून द्यायचं असतं, रक्त तपासून. तुमच्या तलावाला किडनी नसते. तलावात तुम्ही टाकाल ते तिथेच राहतं. माणसाला तसं बघू नका."

मला वाटलं झालं, आता ह्याच्या डोक्यात शिरेल. बाहेर आलो. एसटी स्टँडवर उभे होतो. त्याने पट्टी खिशात परत ठेवली.

"पुस्तकातलं सांगते ती," तो म्हणाला. "मी पान्यात काम करतो."

"गुडघाभर," मी म्हणालो. "गुडघ्याच्या वर तुला पानी चालत न्हाय."

त्याने माझ्याकडे बघितलं. दयेने. मी त्या दिवशी त्याला स्टँडवर मारला असता. आजूबाजूला ओळखीची माणसं होती म्हणून राहिलो.

शेवटी निवड मंदाची होती. मी तिला एके दुपारी समोर बसवलं. म्हटलं, "तुझा भाऊ की डॉक्टरीण, एक सांग." ती तांदूळ निवडत होती, भात तिच्यासाठी बंद होता तरी माझ्यासाठी निवडत होती. खाली बघूनच म्हणाली, "अवो, गोळ्या घेतेय न मी. गोळ्या पन घेते आनि त्याचं पन ऐकते. दोन्ही केलं तं काय वाईट?"

"डॉक्टरीण न्हाय म्हनते ना शहाळ्याला."

"तिला मी आज दिसले. सुधाला मी कडेवर घेतलेला. तो माझ्या वाईटाचं सांगंल का?"

 वाईटाचं तो सांगणार नव्हताच. त्याच्या मनात वाईट नव्हतं. म्हणून तर त्याला कुणी अडवू शकलं नाही.

तो रोज सकाळी बंगल्यावर जाण्याआधी आमच्याकडे यायचा. कोयत्याने शहाळं तासायचा, तोंड उघडायचा, स्ट्रॉ घालून बहिणीच्या हातात द्यायचा आणि ती पीत असेपर्यंत तिच्यासमोर उकिडवा बसून राहायचा. तिचे पाय दाबायचा. सूज वाढली तेव्हा त्याने बोटाने दाबून खळगा बघितला आणि म्हणाला, "पायातनं विष उतरतंय, बाय." एकदा पट्टी हिरव्याच्याही पुढे निळसर आली, तर त्याला इतका आनंद झाला की गल्लीत वाटायला निघाला. पेढे ऍसिड, म्हणून खजूर वाटले. गोमा आत्या खजूर हातात घेऊन मला म्हणाली, "नाखवा, हा कशाचा रं? पोर झालं का कुनाला?" मी म्हटलं, "आमच्या घरात मूत निळा झाला." ती खजूर परत टोपलीत ठेवून निघून गेली.

मी भांडलो. खजूर फेकले. एकदा कोयता विहिरीत टाकला. तो दुसरा घेऊन आला. मंदा म्हणाली, "त्याच्यावर राग काढू नका. त्याला आई न्हाय." साठीला आलेल्या बाप्याला आई नाही म्हणून मी गप्प बसायचं.

शहाळी उतरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठरल्याप्रमाणे आला. शहाळं दिलं. ती प्याली. तो टाकीवर गेला. दुपारी मी जाळं सांधत बसलो होतो, तेव्हा ती आतून म्हणाली, "अवो, हात जड झालेत माझे." मी उठलो. तिला उभं राहता येईना. छातीत काय तरी फडफडतंय म्हणाली, कोंबडी धरल्यासारखं. शेजारच्या रिक्षातनं अलिबागला नेलं. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ती म्हणाली, "सुधाला सांगा, जेवून घे म्हनावं." दवाखान्यात पोचलो तेव्हा ती होती. मग नव्हती.

डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, रक्तातला तो क्षार फार वर गेला होता. मग हळूच विचारलं, "नारळपाणी?" मी हो म्हणून मान हलवली. तिनेही हलवली. पण तिने हेही सांगितलं की किडन्या आधीच गेलेल्या होत्या आणि एका शहाळ्याने झालं असं तिला म्हणता येणार नाही. मी तसंच लिहितो. माझा राग आहे म्हणून मी तिच्या तोंडी नसलेलं घालणार नाही.

तिला घरी आणली. अंधार पडायच्या आत उरकायचं ठरलं. पण आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. ते भाऊच आणतो. भाऊ येईपर्यंत कुणी हलत नाही. म्हणजे ज्याचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती त्याचीच वाट बघत मी दारात उभा. सगळं गाव उभं. तो आला. स्कूटर लांब लावली. हातात पिशवी, पिशवीत साडी. सवाशीण गेली म्हणून हिरवी. बायकांनी साडी घेतली. मला तो हिरवा रंग बघवेना. कुठला हिरवा ते मला विचारू नका.

तिला बाहेर आणली. तोंडात पाणी घालायची वेळ झाली. मी घातलं, तुळशीच्या पानाने. मग भावाची पाळी. तो पुढे आला, हातात एक तांब्या. तो तांब्या आमच्या घरातला नव्हता. मी त्याचं मनगट धरलं.

"काय हाय त्यात?"

त्याने दुसरा हात तांब्यावर झाकला.

"सुधा, काय हाय त्यात?"

"शहाळ्याचं," तो म्हणाला. "तिला आवडायचं, भावजी."

"तिला न्हाय आवडायचं. तुला आवडायचं. तिला बोंबलाचं कालवण आवडायचं. ते तिनं तुझ्यासाठी सोडलं."

सगळे ऐकत होते. मी मनगट सोडलं नाही. माझ्या हातात अजून होडी ओढायचा जोर आहे, त्याच्या काकडीच्या हातात काय असणार. तो ओढत पण नव्हता. नुसता उभा होता. मग गोमा आत्या उठली, तिने तांब्या त्याच्या बोटांतून काढून घेतला, आत गेली आणि माठातलं पाणी दुसऱ्या भांड्यात आणून त्याच्या हातात दिलं. "ह्ये घाल, बाबा. साधं घाल." त्याने ते घातलं. अर्धं पाणी तिच्या हनुवटीवरून नव्या साडीवर सांडलं.

स्मशानातनं आल्यावर तो आमच्या घरात आला नाही. मी पण बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीला टेकून बसलो होतो. मागच्या परड्यातनं कोयत्याचा आवाज आला. नेहमीचीच त्याची वेळ. क्षणभर माझं डोकं फिरलं, वाटलं सगळं अजून कालच्यासारखंच आहे. उठून मागच्या दाराशी गेलो.

सुधाकर माडाच्या बुंध्याशी उकिडवा बसला होता. शहाळी त्याच्यासमोर. एकेक उचलायचा, तासायचा, तोंड उघडायचा आणि पाणी माडाच्या मुळाशी ओतायचा. पुढचं उचलायचा. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. पँटला इस्त्री नव्हती. माती पाणी पीत होती आणि मुंग्या गोळा झाल्या होत्या. मी दारात उभा राहिलो. मला वाटलं आता हा काही तरी बोलेल. माफी मागेल, नाही तर पुन्हा त्याचंच काही सांगेल. दोन्हीला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

शेवटचं शहाळं राहिलं. ते त्याने उघडलं, पण ओतलं नाही. खिशातनं टाकीवरची ती काचेची नळी काढली. शहाळ्याचं पाणी नळीत घेतलं. बाटलीतलं औषध थेंब थेंब टाकलं. उभा राहिला, नळी उन्हासमोर धरली आणि एक डोळा मिटला.

पाणी पिवळं झालं. मी दारातनं बघितलं. पिवळं म्हणजे काय ते इतक्या वर्षांत मला पण पाठ झालं होतं.

आत गेलं की अल्कलाइन होतं, असं तो म्हणेल म्हणून मी थांबलो. लिंबाचं जसं म्हणायचा तसं. तो म्हणाला असता तर त्या सकाळी मी त्याला जित्ता सोडला नसता. तो नळी तशीच धरून उभा राहिला, ऊन डोळ्यावर आलं तरी, दुसरा डोळा पण मिटून.

मग तो दाराशी आला. मंदाची खुर्ची तिथेच होती, पुढे पाय ठेवायचा पाट. नळी त्याने पाटावर ठेवली, भिंतीला टेकवून, सांडणार नाही अशी. कोयता खाली ठेवला. स्कूटरजवळ गेला. चालू केली नाही, ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि वळला.

सुतकामुळे आमच्या घरात चूल पेटली नव्हती. गोमा आत्याने शेजारून चहा पाठवला होता. तिने त्याची स्कूटर बघितली असणार, कारण कप दोन होते. मी त्याला हाक मारली नाही. पायरीवर बसून दोन्ही कप मीच प्यालो.